मोटारसायकलीला आवतन

आज नातीनं तिच्या आजोबांची जुनी मोटारसायकल धुवायला काढली. पेट्रोलचा वास ओसरीत शिरला आणि मला लग्नानंतरचा दुसरा पोळा आठवला.

तेव्हा वडनेरात मोटारसायकल ही एकच. पण माझे सासरे, मामाजी, तिच्याकडे पाहतही नसत. "लोखंडाले जीव असते काय?" म्हणत. मग पोळ्याच्या आठवडाभर आधी नणंद बाळंतपणात अडली. यांनी नांदुऱ्याच्या नर्सबाईंना मागे बसवून चिखलातून आणलं आणि बाळ-बाळंतीण दोघं वाचली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मामाजींनी रिवाजाप्रमाणे बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं त्यांच्या कानात सांगितलं. मग हाताला उरलेलं लोणी घेऊन ते मोटारसायकलीपाशी गेले. हिचा खांदा कोणता, ते त्यांना उमगेना. शेवटी त्यांनी हँडलच चोळलं.

"बाबा, काय करून राह्यले?" हे म्हणाले.

"चूप बस बे! हिनं बी वझं वाह्यलं." आणि वाकून दिव्याच्या काचेशी पुटपुटले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मी पदराआड हसले होते. आता तो पिवळा, लोण्यानं माखलेला हात आठवला की डोळे भरतात.

"आजी, तो बुलढाण्याचा जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस गाडी मागून राह्यला. देऊन टाकू काय?" नातीनं विचारलं.

उद्या पोळा. मी वाटीत हळद-लोणी कालवत होते.

"आवतन दिलेल्याले कोणी दारातून काढते काय व?" मी म्हटलं, आणि हँडल चोळायला उठले.