संडासावरचं ऊन

साखरबाईनं निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढलं. भर दुपारी कळप बसवायला सावली लागायची, त्यामुळं कुठल्या झाडाची सावली कोणत्या महिन्यात कुठवर जाते, हे तिला तोंडपाठ होतं. नवऱ्याची सावली तेवढी तिनं कधी मोजली नाही, कारण तात्याबा उन्हात उभाच राहत नसे.

गुडघे कुरकुरायला लागल्यावर कळप विकून दोघं कन्हेरीच्या वस्तीवर शेती बघू लागली. विजेचे खांब शेजारच्या हिंदुराव आबांच्या उसापर्यंत आले आणि पुढं या धनगरांच्या घरापर्यंत यायला त्यांना दम लागला. म्हणून चौऱ्याण्णवच्या वैशाखात सरकारी योजनेतून सौर दिवा मिळाला. बसवायला बारामतीहून मेकॅनिक आला, त्याचं नाव सौरभ. तात्याबाला वाटलं, हे नाव नोकरीबरोबरच मिळालं असणार. सौरभनं माळवदावर चौकोनाचौकोनांचा काचेचा पत्रा बसवला, खाली बॅटरी आणि पेटी ठेवली. पत्र्यावर ऊन आलं की पेटीवर हिरवा ठिपका पेटायचा. भर बाराला त्यानं मान वर केली, सावली कुठं दिसली नाही, अंगठा घेतला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून तात्याबा पत्र्याला हात जोडू लागला. सूर्यनारायण घरी मुक्कामाला आला, असं तो वस्तीभर सांगत सुटला.

खंडेनवमीला त्यानं विळा-कोयत्याबरोबर पत्र्याचीही पूजा केली आणि खालच्या कडेला झेंडूची जाड माळ आडवी घातली. साखरबाई खाली भाकरी थापत होती. पेटीवरचा हिरवा ठिपका पटकन गेला.

"अवं, काय केलंसा वर?"

"पूजा केली!"

"माळ काढा बघू."

माळ निघाली, ठिपका पेटला. पुन्हा घातली, पुन्हा गेला. तात्याबा म्हणाला, "देवाला झेंडू आवडत न्हाय." साखरबाईनं त्याला खाली पेटीजवळ धाडलं. तिनं वर जाऊन खालच्या चौकोनांवर हात धरला, तरी ठिपका गेलाच.

मार्गशीर्ष लागला तसा दिवा सांजेला जेवणाआधीच डोळे मिटू लागला. सौरभला बोलावणं गेलं. त्यानं मीटर लावला, बॅटरीत पाणी घातलं आणि नाक फुगवून म्हणाला, "मावशी, तुम्ही यावर टीव्ही बघता."

"टीव्ही न्हाय आमच्यात. आमच्यात हे हायेत," तात्याबाकडं बोट करून साखरबाई म्हणाली. "वर चल."

वर हिंदुराव आबांच्या कडुलिंबाच्या एका फांदीची सावली पत्र्याच्या खालच्या कडेवर आडवी पडली होती.

"एवढीशी तर सावली आहे," सौरभ म्हणाला. "छत्तीस चौकोनांतले चार झाकलेत."

"मग चौघांचाच उजेड जायाला पायजे हुता. समदा कसा गेला?"

सौरभनं चौकोन पुन्हा मोजले.

"खिंडीतनं मेंढरं एकामागं एक चाललीत. मधलं एक बसलं, तर मागची कुठनं जातील?"

चौकोन एकापुढं एक जोडलेले असतात, हे सौरभला प्रशिक्षणात तीन दिवस शिकवलं होतं. शिकवताना मेंढरं घातली असती, तर अर्ध्या तासात कळलं असतं.

"पण मी बसवला तेव्हा सावली नव्हती."

"वैशाखात सूर्य डोक्यावर असतो. आता त्यो दक्षिणेला कलला, लिंब आपल्या दक्षिणेला, सावली हिकडं लांबली. तुमच्यात वरीसभर वैशाखच असतो का?"

साखरबाई आबांकडं गेली. एक फांदी उतरवा म्हणाली.

आबा लिंबाखालच्या पारावर बसून होते. "लिंबात देवी हाय, साखरबाई. हात लावायचा न्हाय."

"आबा, तिच्या बुंध्याला रोज तंबाखू थुकता, ते तिला चालतं व्हय?"

आबांचे कान लाल झाले, पण फांदी काही त्यांनी उतरवू दिली नाही.

मग एक दिवस साखरबाई काठी घेऊन सकाळपासून अंगणात फिरली. सावली जिथं पोचली तिथं दगड ठेवला, ती सरकली की दुसरा ठेवला. दिवस कलेपर्यंत अख्ख्या जागेत दगडांची रांग लागली. दिवसभर ऊन खाणारी एकच जागा उरली: उत्तरेच्या कडेचा सरकारी संडास. तोही कुठल्याशा योजनेतच बांधलेला, आणि त्यात तात्याबा कांदे ठेवत असे. ज्यासाठी बांधला त्यासाठी अजून कुणी आत गेलं नव्हतं.

"सूर्यनारायण संडासावर?" तात्याबा ओरडला. "देव हाय त्यो!"

"देवाला ऊन पायजे. मान तुमाला पायजे."

सौरभनं वायर लांबवली आणि पत्रा संडासावर चढला. हिरवा ठिपका सकाळी पेटला तो दिवस मावळेपर्यंत विझला नाही. सांजेला ट्यूब अशी लागली की भिंतीवरची काजळी, कोपऱ्यातलं जाळं आणि तात्याबाचा आठ दिवसांचा सदरा, सगळं एकदम उजेडात आलं. तात्याबा आठवडाभर संडासाकडं पाठ करून बसला. मग एका सकाळी कुणी बघत नाही असं बघून त्यानं संडासाकडं तोंड करून हात जोडले. हिंदुराव आबा पारावरून बघत होते. ते खोकून खोकून हसले, आणि आवाज वस्तीभर गेला.

पुढच्या हिवाळ्यापासून सौरभ नवा पत्रा बसवायच्या आधी साखरबाईला मोटारसायकलवर मागं बसवून न्यायला लागला. पहिल्यांदा बसली तेव्हा तिनं त्याची पाठ अशी धरली की त्याचा शर्ट फाटला. भवानीनगरला कारखान्याच्या एका कामगाराचं घर, बावड्याला एका बागायतदाराचं. ती अंगणात उभी राही, झाडं बघे, पौषात सावली कुठवर येईल ते काठीनं आखून दाखवी. बावड्याच्या बागायतदाराला पत्रा दारावरच हवा होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला. साखरबाईनं त्याच्या चिंचेकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "तुमाला दिवा पायजे का पाटी?" पत्रा गोठ्यावर गेला.

ती अशी बाहेर असली की तात्याबाला स्वतःची भाकरी स्वतः थापावी लागे. पहिली भाकरी दारातल्या शेळीनं हुंगली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या वर्षी शेळी त्याची भाकरी खाऊ लागली.