दाखलेबाई आणि बोलका पडदा

शाळेच्या कचेरीत बावीस वर्षं दाखले टाइप करणाऱ्या बाईंना मुलं दाखलेबाई म्हणत. बोटं अशी चालत की समोरच्यानं नाव सांगून तोंड मिटायच्या आत कागद तयार. गेली दोन वर्षं मात्र बाईंना नजरेच्या मधोमध नुसता धुरकट डाग दिसत होता. सांगितलं कुणालाच नाही. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, अशी त्यांची ठाम समजूत. घरी नवरा रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवी. बायकोला आपला आवाज आवडतो म्हणून बिचारा खूश!

कचेरीत सगळं पाठ होतं. पडद्यावर वरून तिसरा चौकोन दाखल्याचा, त्याखालचा फीचा. तयार दाखला शिपाईमामांच्या हातात द्यायचा आणि दटावायचं, "वाचा मोठ्यानं. तुम्हाला वाचनाचा सराव नाही." मामा मुकाट्यानं वाचत, बाई ऐकून चूक पकडत. दोन वर्षांत एक दाखला चुकला नाही.

मग सुट्टीत कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चढली. सोमवारी बाई बसल्या तर पडदा परका. नव्या आवृत्तीनं सगळ्या फायली आपल्या मनानं आवरून एका कडेला गठ्ठे रचले होते. कुणी सांगितलं होतं आवरायला? दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून डबे हलवणारी माणसं असतात, त्यातलीच ही जात.

वर एक प्रश्न आला, इतक्या मोठ्या अक्षरात की कडेच्या नजरेनं बाईंनाही कळला: पडदा पाहायला त्रास होतो का?

"भोचक मेलं," बाई पुटपुटल्या आणि नेहमीप्रमाणे उजवीकडचं 'नाही' दाबलं. नव्या आवृत्तीत उजवीकडे 'हो' होतं.

"नमस्कार!" कॉम्प्युटर खणखणीत आवाजात म्हणाला. "आता मी तुम्हाला सगळं वाचून दाखवेन."

खिडकीपाशी दाखल्यासाठी उभी असलेली एक आई दचकली. बाईंनी घाईघाईनं सवयीच्या जागी माउस दाबला.

"कचऱ्याची टोपली."

दुसरीकडे दाबला.

"उंदराच्या औषधाचा मागणी अर्ज, दुरुस्त प्रत."

"गप्प बस!" बाई ओरडल्या, आणि तेवढ्यात मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, दारात.

"हा काय गोंधळ? पलीकडे सातवीचा वर्ग चालू आहे."

मामा पुढे धावले. "काही नाही बाई, मशीन बिघडलंय. वायर काढतो मी."

बाईंना सुटायला वाट आयती मिळाली होती. मामांचा हात वायरीला लागलासुद्धा.

"राहू द्या मामा," त्या म्हणाल्या. "मशीन धड आहे. माझे डोळे बिघडलेत. दोन वर्षं झाली. अक्षर दिसत नाही."

मोठ्या बाई आत आल्या. "मग दाखले?"

"मामांकडून वाचून घेते. त्यांना वाटतं, मी त्यांना शिकवतेय."

"काही वाटत नाही," मामा म्हणाले. "मी रात्रशाळेत अकरावी केलीय. पण तुम्ही सांगत नव्हता, तर मी कशाला विचारू?"

बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दोन वर्षं ज्याला रोज दटावलं, तोच आपल्याला सांभाळत होता!

"शहाण्याच आहात," मोठ्या बाई करवादल्या. "डॉक्टरांना दाखवलं?"

"नाही."

"का?"

"त्यांनी लिहून दिलं असतं तर तुम्ही काढून टाकलं असतं."

"आणि एवढी कचेरी कोण चालवणार? मी? मला प्रिंटरमध्ये कागद घालता येत नाही." मोठ्या बाईंनी खुर्ची ओढली. "उद्या रजा. डोळे दाखवायचे आणि डॉक्टरांचा कागद माझ्या टेबलावर आणायचा. परवा कामावर यायचं. मामा, याचा आवाज कमी कुठून होतो ते शोधा. तुम्हाला एकटीलाच ऐकू येईल असं कानाला लावायचं ते यंत्र मी मागवते."

"माझ्या मुलीचा दाखला?" खिडकीतून त्या आईनं हळूच विचारलं.

दाखलेबाईंनी कळफलकावर बोटं ठेवली. गठ्ठ्यामागून गठ्ठा ऐकत ऐकत दाखल्याची फाईल सापडली. नाव टाइप झालं, आणि कॉम्प्युटरनं ते असं काही वाकडंतिकडं उच्चारलं की मुलीची आई हसत सुटली.

"लोकांच्या लेकीचं नाव आहे," दाखलेबाईंनी त्याला दम भरला. "नीट म्हण!"