मामांची कोरडी रायफल

जगात जे काही बिघडतं ते चुकीच्या तेलामुळे, यावर माझ्या बायकोच्या मामांइतका गाढ विश्वास दुसऱ्या कुणाचा असेल असं मला वाटत नाही. मिक्सर बंद पडो, दार कुरकुरो, नाहीतर कुणाचं ठरलेलं लग्न मोडो, मामा आधी विचारत, "तेल कुठलं वापरत होते?" ऐंशीच्या दशकात ते अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला राहत आणि एका कंपनीत यंत्रांच्या वंगणाचं काम पाहत. बाकीची माणसं ऑफिसातून घरी येऊन टीव्ही लावतात; मामा फ्रीजर उघडत. मामींच्या ओल्या खोबऱ्याच्या आणि मटारच्या पिशव्यांमागे त्यांच्या तेलाच्या वाट्या असत. शिवणयंत्राचं, मोटारीचं, तिळाचं, एरंडेल. जेवता जेवता उठून ते एकेक वाटी कलती करून बघत आणि कुठलं तेल किती आळसावलंय ते आम्हाला कौतुकानं सांगत. एकदा मामींनी घाईत त्यातलीच एक वाटी फोडणीला घेतली. मामांनी आमटीचा वास घेतला, डोळे मिटले आणि हळहळले, "एरंडेल! कालपर्यंत गोठलं नव्हतं हो!"

या प्रेमाचं टोक म्हणजे त्यांची रायफल. मामा कट्टर शाकाहारी. केकसुद्धा अंड्याची चौकशी करून खात. पण शेजारच्या हॅरल्ड नावाच्या शिकारी म्हाताऱ्याबरोबर ते एकदा सहज म्हणून उत्तरेच्या जंगलात गेले, तिथल्या गारठ्यात त्याची रायफल अडकलेली पाहिली, आणि एखादं आजारी मूल दिसावं तसे कळवळले. परत आल्यावर त्यांनी स्वतःची रायफल घेतली. शिकारीसाठी नव्हे, तिची तब्येत सांभाळण्यासाठी. "जावईबापू, थंडीत तेलाचा मध होतो," ते मला सांगत. "चाप ओढला की आतली सुई काडतुसावर टणकन आदळायला हवी. ती मधातून चालत गेली तर काय आदळणार?" म्हणून रायफल उलगडून रॉकेलनं धुवायची, पुसून कोरडी ठणठणीत करायची, आणि वर ग्रॅफाइटची पूड, पोळी लाटताना पिठी लावतो तेवढीच. गारठलेली रायफल उबदार खोलीत आणायला सक्त मनाई. लोखंडाला घाम फुटतो आणि बाहेर नेलं की तोच घाम गोठतो, म्हणून ती गॅरेजमध्ये कुलपात थंड राहायची. हॅरल्ड अगदी उलट्या मताचा. तो रायफलीला तेलानं न्हाऊ घालायचा आणि मामांना खिजवायचा, "मोर ऑइल, माय फ्रेंड, मोर ऑइल!"

एका नोव्हेंबरात मीही त्यांच्याबरोबर गेलो. जंगलात हॅरल्डची लाकडी केबिन होती. जेवण झाल्यावर हॅरल्ड "चक्कर मारून येतो" म्हणत आपली रायफल घेऊन एकटाच निघाला, आणि थोड्या वेळात बर्फ पडायला लागला. इतका हळू, की तो पडतोय की झाडंच सावकाश वर चढताहेत हे कळेना. आवाज नावाची गोष्ट जगातून कुणी उचलून नेली होती. मामा आणि मी पडवीत उभे राहून नुसते बघत होतो. मामा म्हणाले, "काकड्यात बसून देवाकडे बघावं, तसं वाटतंय." मग उजेड निळसर झाला, पावलांचे ठसे बुजले, आणि हॅरल्ड आला नाही.

आम्ही हाका मारल्या. बर्फानं त्या पिऊन टाकल्या. मामांच्या चेहऱ्यावरचं स्वप्न उतरलं. त्यांनी पडवीत मुद्दाम थंड ठेवलेली आपली रायफल उचलली, मला मागे उभं केलं, आणि समोरच्या मातीच्या उंच ढिगात नेम धरला. जंगलात त्यांनी तोवर एकदाही चाप ओढला नव्हता. ठरावीक अंतरानं तीन बार, ही तिकडच्या शिकाऱ्यांची इशाऱ्याची खूण. तिन्ही बार स्वच्छ उडाले. आम्ही थांबलो. मामांनी पुन्हा बार काढले, पुन्हा थांबलो. मामांचे ओठ पुटपुटत होते, रामरक्षा असावी.

बऱ्याच वेळानं झाडांमधून एक पांढरी आकृती लंगडत आली. पाय मुरगळलेला, बर्चच्या झाडाची फांदी काठीसारखी धरलेली, भुवयांवर बर्फ. दिशा चुकून हॅरल्ड तळ्याकडे चालला होता. मदतीसाठी त्यानं कितीदा तरी चाप ओढला, पण रायफल नुसती कण्हत राहिली. मग मामांचे बार ऐकू आले आणि तो आवाजाच्या रोखानं वळला.

शेगडीजवळ पाय पसरून तो मामांकडे न बघता म्हणाला, "गो अहेड. से इट."

इतक्या वर्षांचं भांडण जिंकायची ती वेळ होती. मामांनी त्याच्या अंगावर पांघरूण टाकलं आणि विचारलं, "टी?" मी किटली घेऊन चहा ओतू लागलो. ते माझ्याजवळ येऊन मराठीत हळूच म्हणाले, "जावईबापू, त्या आवाजानं हरणं फार घाबरली असतील का हो?"

आता मामा नाहीत, हॅरल्डही नाही. मला मात्र दुसऱ्या दिवशीची सकाळ अजून दिसते. बर्फ थांबला होता आणि ऊन सांडलं होतं. सरपणाच्या ढिगापाशी एक हरिणी येऊन उभी राहिली, तिच्यामागे तिचं पाडस. हॅरल्डनं बसल्या जागेवरून मामांची बाही ओढली, बोट दाखवलं, आणि तेच बोट ओठांवर ठेवलं. ती दोघं निघून जाईपर्यंत खिडकीशी आम्हा तिघांपैकी कुणी हललं नाही. नंतरही बराच वेळ हॅरल्डच्या हातात मामांची बाही तशीच होती.