नैसर्गिक प्रेमापोटी

निबंधक कचेरीत माझा नंबर येईपर्यंत मी करार कायद्याचं पुस्तक वाचत बसले होते. मोबदल्याशिवाय करार रद्दबातल. पण जवळच्या नात्यात नैसर्गिक प्रेमापोटी केलेला, लेखी, नोंदवलेला करार मात्र चालतो. ओळ आवडली. कायद्यालाही माया कळते म्हणायची! मी ती गुलाबी रंगानं रंगवली.

समोर दोन भाऊ बहिणीला घेऊन आले होते. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क ती विनामोबदला सोडत होती. अंगावर भावांनी घेतलेली कोरी साडी, घड्याही न मोडलेल्या.

"बाई, स्वखुशीनं सोडताय ना?" कारकुनानं जांभई देत विचारलं.

"खुशीनंच हो," थोरला भाऊच बोलला. "हस की गं जरा फोटोला!"

ती हसली नाही. कामानं झिजलेला तिचा अंगठा मशीन घेईना, तेव्हा त्यानं तो मुठीत धरला आणि नख पांढरं पडेस्तोवर काचेवर दाबला. त्याच्या मनगटावर विटलेली राखी होती.

त्या मुठीची किळस आली, त्या जांभईची आली, आणि माझ्या गुलाबी ओळीची सगळ्यात जास्त. प्रेम कुणाचं कुणावर, हे त्या ओळीत कुठंच लिहिलेलं नाही.

अखेर मशीन वाजलं. प्रेमाची नोंदणी झाली.