नागलीच्या रंगाचा सोफा

आम्ही दोघी बहिणी कल्याणला निघालो तेव्हा खोडाळ्याच्या नाक्यावर कसाऱ्याची जीप भरत होती. बाने ड्रायव्हरला विनवून मंदाबायला पुढची जागा मिळवून दिली, कारण तिचा गुडघा सुजला होता. मंदाबाय म्हणजे माझी थोरली बहीण. मी मागच्या बाकावर, कोंबड्यांची टोपली घेऊन बसलेल्या एका म्हातारीला चिकटून. आयने खिडकीतून नागलीच्या भाकरींचं फडकं आत दिलं आणि म्हणाली, "दिवसा आडवं पडू नका गं पोरींनो. घरमालक आळशी म्हणंल." जीप हलली तसा बा दोन पावलं बरोबर चालला आणि मग थांबला.

पाड्यावरच्या तुम्हा लोकांसाठी हे लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही.

आयच्या त्या बोलण्यामागे कारण होतं. आमच्या घरात दिवसाउजेडी कुणी लोळत नसे. आजारी माणूससुद्धा भिंतीला टेकून बसे. मंदाबाय मात्र लहानपणापासून मधेच आडवी व्हायची. आवणीच्या दिवसांत, गुडघाभर थंड चिखलात भात लावताना, ती एकदम रोपांची जुडी टाकून बांधावर जाऊन पडायची आणि पाय पोटाशी घेऊन कण्हायची. बा चिडायचा. "काम आलं का हिचं दुखणं येतं," म्हणायचा. एकदा त्याने तिला छडीने मारलं होतं. भगताने कोंबडं उतरवून टाकलं, गळ्यात दोरा बांधला. दुखणं पावसात यायचं, थंडीत यायचं, आठवडाभर राहायचं आणि जायचं. गेलं की लोक म्हणायचे, बघा, नाटकच होतं.

ती आश्रमशाळेत वरच्या वर्गात असताना रक्त तपासणारी गाडी आली आणि तेव्हा त्या दुखण्याचं नाव कळलं. सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे हाडातून कळ येते. हा आजार आईबापाकडून येतो, जन्मभर राहतो. पिवळं कार्ड मिळालं, गोळ्या मिळाल्या. आमचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना ताप येऊन दगावला होता. त्याचं नाव त्या दिवशी घरात कुणीच काढलं नाही, पण आय संध्याकाळभर चुलीसमोर बसून राहिली आणि भाकऱ्या करायच्या राहून गेल्या.

कल्याणला आम्ही आलो त्या मंदाबायच्या औषधपाण्यासाठी आणि माझ्या शिक्षणासाठी. मी लॅबचा कोर्स केला, एका खाजगी लॅबमध्ये लागले. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली तसलं रक्त पाहिलं तेव्हा मला आमच्या घरातला भात कापायचा विळा दिसला. माझंही तपासून घेतलं. माझ्यात अर्धंच आहे, मी नुसती वाहक. मला काही दुखत नाही.

मंदाबाय एका पडदे-गाद्या शिवणाऱ्या दुकानात मशीनवर बसायची. तिसऱ्या मजल्यावरची आमची खोली, खाली लाद्या, वर चटई. थंडीत लाद्या अशा गार पडत की तिच्या खुब्यात सुया टोचत. चटईवर नीट बसता येईना, खुर्चीत पाय लोंबकळून सुजत. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड झिजत चाललंय, ऊब ठेवा, मऊ जागेवर अंग टाका, पाणी भरपूर प्या. त्या संध्याकाळी जिना चढताना ती मधल्या मजल्यावर थांबली आणि म्हणाली, "सुरेखा, आपण एक सोफा घेऊ. मोठा. लोळायचा."

मी हसले. लोळायचा! आमच्या तोंडात हा शब्द फक्त रेड्यासाठी होता.

उल्हासनगरच्या बाजारात आम्ही दुकानांमागून दुकानं पालथी घातली. सगळीकडे चकचकीत रेक्झिन. दुकानदार म्हणायचे, "मॅडम, ये लो, पोंछा मारो, साफ." मंदाबाय हात लावायची आणि मान हलवायची. "थंडीत हे लोखंडासारखं लागंल," मला हळूच म्हणायची. काही सोफे दिसायला मोठे, पण बैठक अरुंद. पाय वर घेतले की गुडघे बाहेर. काहींचा स्पंज इतका भुसभुशीत की बसलं की खाली फळी लागायची. तिला कापड कळत होतं. उलटं करून बघायची, चिमटीत धरून ओढायची, आणि शेवटी, कुणी बघत नाहीसं पाहून, गालाला लावायची.

एका गल्लीच्या टोकाला एक म्हातारा दुकानदार होता. त्याच्याकडे तो सोफा होता. एका बाजूला लांब पाय पसरायची जागा, हातावर जाड उशा, आणि कापड पिकलेल्या नागलीच्या कणसासारखं तांबूस, मऊ, जरा खडबडीत. मंदाबायने त्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

"लेटके देखूँ क्या?" तिने विचारलं. विचारताना ती लाजली.

"देखो ना बेटी," तो म्हणाला. "बैठने से क्या पता चलता है."

तिने चपला काढून जोडीने बाजूला ठेवल्या, ओढणी सावरली आणि आडवी झाली. मी दुकानदाराशी पोचवण्याचं, जिन्यातून चढवण्याचं बोलत होते. वळून पाहिलं तर ती झोपली होती. भर दुपारी, बाजारात, पंख्याखाली, तोंड किंचित उघडं. आदल्या आठवड्यात ती धड झोपलीच नव्हती. मी उठवायला गेले तर दुकानदाराने हात केला. नवं गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने दुसऱ्या बाजूला नेलं आणि आवाज खाली घेऊन बोलू लागला. मी स्टुलावर बसून राहिले. तिच्या चेहऱ्यावर कळ नव्हती. मी तिचा तसा चेहरा फार कमी वेळा पाहिला होता.

सोफा जिन्यातून वर जाईना. हमालांनी पाय सोडवले, कठड्यावरून उभा चढवला. खोलीत आला तेव्हा खोलीच उरली नाही. ओट्यापाशी अंग चोरून जावं लागे. पण मंदाबाय तिथे राहायलाच गेली म्हणा ना. गरम पाण्याची पिशवी, गोळ्यांचा डबा, पाण्याची बाटली, शिवायला आणलेले अभ्रे, सगळं तिथेच. रविवारी मी तिच्या पायाशी लोळायचे. भिजवलेले शेंगदाणे खात आम्ही मोबाइलवर काहीबाही बघायचो आणि ती मधेच म्हणायची, "आय बघंल तर काय म्हणंल!"

आय नाही आली, बा आला. भात झोडून झाल्यावर, तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन. मंदाबाय पडलेली होती. बाला पाहून ती उठायला लागली तशी कळ आली आणि ती परत खाली बसली. बा सोफ्यावर बसला नाही. खाली लादीवर बसला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि दाबू लागला.

"आवणीत मी तुला मारलं व्हतं," तो म्हणाला.

"जाऊ दे ना बा. तवा कोणाला ठावं व्हतं?"

"तू रडत व्हतीस. मला वाटलं ढोंग." त्याचा हात थांबला नाही. "बाप हाये मी. मला ठावं पायजे व्हतं."

ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, जणू तोच लहान होता.

त्या हिवाळ्यात तिला ताप आला. आधी वाटलं नेहमीचं. मग छातीत दुखू लागलं आणि श्वास पुरेना. वाक्यं तोडून बोलू लागली. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून तिला जिन्यावरून उतरवलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. ती मला म्हणाली, "तू जेव." नंतर ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले, आणि ते तोंड उघडण्याआधीच मला कळलं. रिपोर्ट मी सकाळीच वाचले होते. मला वाचता येत होते.

तिला आम्ही घरी नेलं. गाडी खोडाळ्याच्या पुढे पाड्याच्या फाट्यापर्यंतच आली. तिथून चार माणसांनी घोंगडीची झोळी करून खांद्यावर घेतली. बा पुढच्या बाजूला होता. कुणी सांगूनही त्याने खांदा बदलला नाही.

अंगणात बायका रडत होत्या. एक काकी म्हणाली, "शहरानं खाल्लं पोरीला. अठं असती तर जगली असती." मला ओरडून सांगायचं होतं की अठं असती तर ती आवणीच्या चिखलातच गेली असती, आणि तुम्ही म्हणाला असतात करणी झाली. पण आय माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आता मात्र सांगते. तुमच्या घरात एखादं पोर पावसात, थंडीत हातपाय धरून रडत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. भगताकडे जायचं तर जा, पण आधी त्याचं रक्त तपासा. लग्न जमवतानाही तपासा, दोन्हीकडचं.

बारावं झाल्यावर आय म्हणाली, "आता तू तरी रहा अठं." मी राहिले नाही. नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर त्या घराच्या ज्या कोपऱ्यात मंदाबाय भिंतीला टेकून दुखणं काढायची, तो कोपरा मला बघवत नव्हता. कल्याणची खोली उघडली तर तिथेही तेच, समोर रिकामा सोफा. शेजारीण म्हणाली, सोफा विकून टाक, जागा तरी होईल. दोन माणसं येऊन बघूनही गेली. एकाने त्यावर बसून उडी मारून पाहिली. मी म्हटलं, विकायचा नाही.

आय आता रोज संध्याकाळी फोन करते. पाड्यात रेंज नाही, म्हणून ती मागचं टेकाड चढून जाते. आम्ही लहान असताना ती दुखण्याबद्दल कधी विचारत नसे. विचारून करायचं काय, हे तिला माहीत नव्हतं. आता पाऊस, भात, शेळी, सगळं नंतर. घर म्हटलं की मला चढून धाप लागलेला तिचा तो आवाज ऐकू येतो.

"सुरेखा, कुठं दुखतं का गं?"

"नाय आय. मला काय नाय दुखत."

टेकाडावरचा वारा फोनमध्ये घुसतो. मग ती म्हणते, "खरं सांग."