झेंडू, युनिट तीन

लग्न झालं तेव्हा माझं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. बोलणीत वडिलांनी एकच अट घातली होती, पोरीला पुढची दोन वर्षं शिकू द्यायचं. सासरच्यांनी ती लगेच मान्य केली. पण रोज सकाळी उठून ती अट पाळायची म्हणजे नक्की काय करायचं, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

माझं माहेर अवसरी बुद्रुकचं. तिथून कॉलेज सायकलवर दहा मिनिटं. सासर पिंपळवंडीचं. तिथून नारायणगावपर्यंत जीप, पुढं मंचरपर्यंत एसटी आणि मंचरहून रिक्षा. गाड्या लागून मिळाल्या तर सव्वा तास, नाहीतर दोन, आणि तेवढेच परत येताना. नवरा चाकणला कंपनीत होता, तिथंच खोली घेऊन राहायचा आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. घरी मी, सासू-सासरे आणि त्यांची रोपांची नर्सरी.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. नर्सरी त्यांनीच उभी केलेली. शेडनेटखाली काळे ट्रे, एकेका ट्रेला शंभरेक खळगी, प्रत्येक खळग्यात ओलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि एक बी. टोमॅटो, ढोबळी, तिखट मिरची, फ्लॉवर, झेंडू. शेतकरी आधी सांगून ठेवायचे आणि रोपं तयार झाली की सासरे पिकअपमधून पोचवायचे. आत्या सातवीपर्यंत शिकलेल्या. कुठली रोपं कुणाची आणि कोणत्या तारखेला जायची, ते शेडच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर त्या खडूनं लिहून ठेवायच्या. त्या फळ्यावरची तारीख चुकलेली मी कधी पाहिली नाही.

जुलैत निकाल लागला. मंचरच्या स्टँडवर उभी राहून मी तो फोनवर पाहिला. एम-थ्री, म्हणजे तिसरं गणित, राहिलं होतं. घरी आले तर आत्या ट्रे भरत होत्या.

"काय झालं गं निकालाचं?"

"ऑल क्लिअर," मी म्हणाले.

का म्हणाले ते आजही नीट सांगता येत नाही. नापास झालीस तर शिक्षण बंद, असं घरात कुणी म्हटलं नव्हतं. ते माझं मीच धरून बसले होते. आत्यांनी सासऱ्यांना हाक मारून सांगितलं, सासऱ्यांनी शेजारच्या दोन घरांत सांगितलं. संध्याकाळी पेढे आले आणि त्यातला एक मी खाल्ला.

तिसरं वर्ष सुरू झालं. पाच विषय, तीन प्रॅक्टिकल. प्रत्येक प्रॅक्टिकलचं जर्नल हातानं लिहायचं, आकृत्या काढायच्या, ग्राफ जोडायचे, सरांची सही घ्यायची. शिवाय सेमिनार आणि चौघींत मिळून एक मिनी प्रोजेक्ट. त्याचा रिपोर्ट मीच लिहीत होते, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मला कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. या सगळ्याखाली एम-थ्री, ज्याचा अभ्यास चोरून करावा लागे. त्या पुस्तकाला मी दुसऱ्याच विषयाचं कव्हर घातलं होतं. पहाटे चारला उठून भाकरी, डबे, मग एसटीत पुस्तक, रविवारी नर्सरी. नर्सरीत कुणी बळजबरीनं नेत नव्हतं, मला ते काम आवडायचं. पण झोप चार तासांवर आली. एकदा मंचरला उतरायचंच राहिलं आणि जाग आली ती थेट राजगुरुनगरला.

ऑगस्टमधल्या एका रविवारी घोडेगावकडचे एक शेतकरी झेंडूची रोपं न्यायला आले. मी पाणी देत होते. त्यांनी ट्रेवरची चिठ्ठी वाचली आणि आत्यांना विचारलं, "ताई, हा युनिट तीन झेंडू नवा आलाय का? फूल केवढं पडतं?"

"कोणचा झेंडू?"

"हे काय, लिवलंय की. झेंडू, युनिट तीन."

आत्यांनी चिठ्ठी हातात घेतली. अक्षर माझंच होतं. तीन आठवड्यांपूर्वी चिठ्ठ्या लिहिताना डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेचं तिसरं युनिट होतं आणि ते हातातून उतरलं होतं.

"पोरीनं आब्यास लिवला त्याच्यावर," आत्या म्हणाल्या. "झेंडू आपला नेहमीचाच हाय. न्या बिनघोर."

ते गृहस्थ पोट धरून हसले. मीही हसले. ते गेल्यावर मात्र आत्या हसल्या नाहीत. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या रविवारी पेरलेल्या सगळ्या ट्रेंपाशी त्या एकेक करून गेल्या, चिठ्ठी वाचायच्या आणि रोप पाहायच्या. कडेच्या रांगेपाशी थांबून त्यांनी एक पान बोटांत धरलं.

"ही ढोबळी न्हाई."

"चिठ्ठीवर ढोबळी आहे, आत्या."

"चिठ्ठी तू लिवली. पान बघ. ढोबळीचं पान रुंद असतं."

ढोबळीच्या आणि तिखट मिरचीच्या चिठ्ठ्या मी उलट लावल्या होत्या. त्या तशाच गेल्या असत्या तर शेतकऱ्याला फळ धरेपर्यंत कळलंच नसतं. कुणाचा तरी सगळा हंगाम माझ्या दोन चिठ्ठ्यांनी गेला असता. हे त्यांनी मला सांगितलं नाही, त्याची गरजही नव्हती. त्यांनी चिठ्ठ्या बदलून लावल्या, हात पुसले आणि विचारलं, "किती झोपतीस तू?"

मग मी सगळं सांगितलं. एम-थ्री राहिलंय, निकालाचं खोटं बोलले, पुस्तकाचं कव्हर खोटं आहे. सांगताना पाण्याचा पाइप हातातच होता आणि पाणी माझ्याच पायावर पडत होतं. आत्यांनी पुढं होऊन कॉक बंद केला आणि त्या घरात निघून गेल्या.

दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. डबा घेतलास का, छत्री हाय का, एवढंच. ते दोन दिवस मला फार जड गेले. आता माहेरी फोन जाणार, असं मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर आत्या शेडच्या दाराशी उभ्या होत्या. फळ्याची उजवी बाजू त्यांनी पुसून मोकळी केली होती.

"सांग तुझं समदं. एकेक सांग."

मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. सेमिनारचं त्यांनी सिमिनार लिहिलं, मी दुरुस्त केलं नाही. प्रत्येक गोष्टीला त्या दोनच प्रश्न विचारायच्या, कवा द्यायचं आणि न्हाई दिलं तर काय व्हतं. पहिल्याचं उत्तर मला पाठ होतं. दुसऱ्याचा मी कधी विचारच केला नव्हता. जर्नलमध्ये स्केचपेननं मथळे रंगवले नाहीत तर काय होतं? काहीच नाही. सेमिनार साधा दिला तर? दोन-तीन मार्क जातात. एम-थ्री पुन्हा राहिलं तर? पुढच्या वर्षी अडकायची वेळ येते.

मग त्यांनी द्यायच्या तारखेपासून मागं दिवस मोजले, बी कधी टाकायचं ते ठरवताना मोजत तसेच. मोजून झाल्यावर खडू ठेवला.

"हे मावत न्हाई."

"मी अजून अर्धा तास लवकर उठेन."

"उठून काय उपेग? आमचंबी कधी कधी मावत न्हाई. मंग आमी गिऱ्हाइकाला न्हाई म्हणतो. त्येला राग येतो. येऊ दे." त्यांनी फळ्यावर बोट ठेवलं. "हा रिपोट चौघींचा हाय ना? मंग तू एकटी कशापायी लिवतीस?"



त्यांनी ठरवलेलं असं होतं. रविवारी मी नर्सरीत पाऊल ठेवायचं नाही. सकाळच्या भाकरी त्या करतील. आणि सोमवार ते शुक्रवार मी माहेरी राहायचं, सेमिस्टर संपेपर्यंत. हे शेवटचं माझ्या मनात कितीदा येऊन गेलं होतं, पण तोंडातून काढायची हिंमत नव्हती.

"लोक काय म्हणतील, आत्या?"

"लोकांना आपल्याला रोपं द्यायची हायती. सून न्हाई द्यायची."

नर्सरीत यायचं नाही, हे मात्र मला लागलं. चुकीबद्दल शिक्षा दिली असं वाटलं. ती शिक्षा होती की सोय, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

सोमवारी बॅग घेऊन माहेरच्या दारात उभी राहिले तर आई पांढरीफटक पडली. मला आत घेऊन तिनं हळू आवाजात विचारलं, "भांडण झालं का? खरं सांग."

"नाही गं. त्यांनीच पाठवलंय."

"म्हंजी?" आईचा जीव आणखीच घाबरा झाला. शेवटी तिनं आत्यांना फोन लावला. दोघी बराच वेळ बोलल्या. फोन ठेवून आई म्हणाली, "तुला दूध दे म्हणाल्या. आता मला ह्यांनी शिकवायचं का, माझ्या लेकीला दूध द्यायचं?" पण दूध दिलंच.

प्रोजेक्टचं सांगणं सगळ्यात अवघड गेलं. आमच्या चौघींतली एक घोडेगावच्या पलीकडच्या, डोंगरातल्या गावची. गावाला जाणारी संध्याकाळची एकच एसटी, ती चुकली की संपलं. माझं सगळ्यात जास्त जमायचं ते तिच्याशीच. मी म्हटलं, रिपोर्ट आता चौघींनी वाटून घेऊ.

"तुझं माहेर इथं बाजूला," ती म्हणाली. "मी घरी पोचते तेव्हा अंधार पडलेला असतो. आमच्याकडं रेंज न्हाई, लाइटचा भरवसा न्हाई. तू माझ्यावर कशी ढकलतीस?"

तिचं खोटं नव्हतं. मी म्हणाले, "माझं एम-थ्री राहिलंय." तिलाही मी ऑल क्लिअरच सांगितलं होतं. मदत मागितली नाही याचा तिला राग आला की खोटं बोलले याचा, कुणास ठाऊक. चार-पाच दिवस ती वर्गात दुसऱ्या बाकावर बसली. नंतर मात्र एसटीची वाट पाहत असते तो तास ती लायब्ररीत बसून तिचा भाग लिहायला लागली. तिचा भाग चांगला उतरला. बाकी दोघींचे इकडून तिकडून उचललेले होते. सरांनी रिपोर्ट चाळून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "चार माणसांनी लिहिलाय हे दिसतंय." मार्क कमी पडले. मला वाईट वाटलं, पण दोन दिवसांच्या वर वाटलं नाही.

एम-थ्रीसाठी सकाळचे दोन तास ठेवले. झोप झालेली असली की तेच गणित वेगळं दिसतं, हे मला विसाव्या वर्षी कळलं. तरीही एक युनिट काही केल्या डोक्यात जाईना. एका शनिवारी पिंपळवंडीत मी शेडबाहेर क्रेटवर बसून तेच एक गणित सहाव्यांदा सोडवत होते. रडकुंडीलाच आले होते. आत्या आत ट्रे उचलत होत्या.

"ह्या ट्रेत सात-आठ खळगी रिकामी ऱ्हायली," त्या आतूनच म्हणाल्या, माझ्याकडं न पाहता. "मी त्यात पुन्यांदा बी टाकीत बसले तर बाकीची रोपं म्हातारी व्हतील."

मी वही मिटली आणि ते युनिट सोडून दिलं. त्यावरचा प्रश्न पेपरात आलाच, चांगला मोठा आला. मी तो वाचला आणि पुढचा लिहायला घेतला.

एम-थ्री सुटलं, पासिंगच्या थोडं वर. बाकी विषयांत मार्क आधीच्या वर्षापेक्षा कमी पडले. हा निकाल मी सासऱ्यांना स्वतः वाचून दाखवला, एकेक विषय, एकेक आकडा. आधीचं खोटं कळल्यापासून नवऱ्याला मात्र ते फार लागलं होतं. "मला तरी सांगायचं होतंस," असं तो बरेच महिने अधूनमधून म्हणत राहिला. का नाही सांगितलं ते माझं मलाच कळत नाही, असं मी दर वेळी म्हणाले.

चौथ्या वर्षीही सोमवार ते शुक्रवार माहेर, शनिवार-रविवार सासर असंच चाललं. कामाचा ढीग कमी झाला नाही. काही आठवडे तर आधीपेक्षा वाईट होते. पण फळ्याची उजवी बाजू माझ्यासाठी मोकळी असायची आणि काय मावत नाही ते मी आता आधी सांगायला शिकले होते.

शेवटची मार्कशीट घ्यायला गेले त्या जुलैच्या दिवशी आत्या सोबत आल्या. त्यांनी कॉलेज पहिल्यांदाच पाहिलं. कॉरिडॉरमधल्या मुली पाहून म्हणाल्या, "एवढ्या पोरी! समद्या रोज येत्यात?" तेवढ्यात माझी डोंगरातली मैत्रीण आली. मी ओळख करून दिली. गावाचं नाव ऐकताच आत्यांनी बाकावर सरकून तिला जागा केली.

"तुमच्याकडं भाताचं रोप केवढं झालं आता?"

"लावणीला आलंय, मावशी. यंदा दाट पडलंय."

"दाट कशापायी पडू दिलं?"

ती सांगू लागली. गादीवाफा कुठं केला होता, पाऊस किती दिवस लागून राहिला, बी कुणी फेकलं. आत्या मध्ये मध्ये विचारत होत्या आणि हातांनी अंतर दाखवत होत्या. खिडकीपाशी मार्कशीटची रांग लागली होती. मी दोघींना तशाच बोलत सोडून रांगेत जाऊन उभी राहिले.