मिठाच्या पाण्याच्या कोंबड्या

प्रयोगशाळेत सगळे त्याला मामा म्हणत. काम एकच, कोंबड्या धरायच्या. बावीस वर्षं हेच. एक हात पोटाखाली, दुसरा पंखांवर; कोंबडीला कळायच्या आत रक्त नळीत.

साहेबांना हे काम हलकं वाटे. साहेब म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. आपल्या औषधाने कोंबडीच्या रक्तातली साखर वाढते, हे सिद्ध करण्यात त्यांनी तीन वर्षं घालवली होती. औषध टोचलेल्या कोंबड्या ते स्वतः धरत, म्हणजे खोलीभर त्यांच्यामागे धावत, पिसं उडवत, शिव्या हासडत. नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या कोंबड्या मात्र मामाच्या गळ्यात. पाण्यासाठी साहेबांनी हात का घाण करावेत? औषधवाल्यांची साखर चढे, पाणीवाल्यांची जागच्या जागी. साहेब फुशारून जात.

मग साहेबांचा पाय मुरगळला आणि पंधरा दिवस सगळ्याच कोंबड्या मामाने धरल्या. आकडे पाहून साहेबांचं पित्त खवळलं. दोन्हीकडे साखर सारखीच!

"बाटल्या बदलल्यात तुम्ही! सोमवारपासून कामावर येऊ नका."

निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, घरी बायको अंथरुणाला खिळलेली.  मामा तडक विभागप्रमुख मॅडमकडे गेला.

"मॅडम, एकदा अदलाबदल करा. पाणीवाल्या साहेब धरतील, औषधवाल्या मी. घाबरली की कोंबडीचं अंगच रक्तात साखर सोडतं. यांनी औषध कुठं मोजलं? भीती मोजली!"

साहेबांचा पाय बरा होताच मॅडम खुर्ची टाकून समोर बसल्या. साहेब धावले, धडपडले, घामाघूम झाले. पाणीवाल्यांची साखर भडकली. मामाने धरलेल्या औषधवाल्यांची ढिम्म हलली नाही.

"मामा कामावर राहतील," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमचं औषध कचऱ्यात."

नोकरी वाचली, पण मामाला हसू येईना. संताप येत होता.

"साहेब, यकृतातली साखर बघायला तीन वर्षांत किती मारल्यात?"

"असतील नऊशे. कोंबड्याच तर होत्या."

मामाने पिंजऱ्यातून एक कोंबडी अलगद काढून त्यांच्यापुढे धरली. "एकदा धावपळ न करता धरा हिला. तळहाताला काळजाची धडधड लागते हिच्या. मग म्हणा, कोंबडीच तर आहे."

साहेबांनी हात मागे घेतले.